मोंतायू : एका डोंगराळ गावाचं दप्तर

फ्रान्स म्हटलं की पॅरिस, राजेराण्या, राज्यक्रांती, नेपोलियन अशी यादी आपल्याला पाठ असते. आज मात्र मी तुम्हाला एका अशा गावात नेणार आहे, जिथे राजा कधी राहिला नाही आणि लढाईही झाली नाही. आज तिथे कायमचे राहणारे लोक पन्नासाच्याही आत आहेत. गावाचं नाव मोंतायू. तरीही मध्ययुगातल्या युरोपमधल्या साध्या शेतकऱ्याचं जगणं समजून घ्यायचं असेल, तर जगभरचे इतिहासकार या गावापाशी येऊन थांबतात. असं का झालं, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

आणि त्याच्याच पोटात दुसरा प्रश्न आहे, तो जास्त अवघड आहे. या गावातली माणसं कशी बोलत होती, कुणावर जीव लावत होती, मरणाबद्दल काय समजत होती, हे आपल्याला सातशे वर्षांनंतर कळतं. पण ते त्यांनी आपल्यासाठी लिहून ठेवलेलं नाही. बहुतेकांना लिहिताच येत नव्हतं. ते त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं, तेही तुरुंगाची भीती समोर ठेवून. मग असं बोलणं आपण कसं ऐकायचं? हा प्रश्न मनात ठेवा, आपण शेवटी त्याच्याकडे येऊ.

गाव कुठे आहे?

आधी भूगोल. फ्रान्सचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. खाली दक्षिणेला, स्पेनच्या सीमेवर, पूर्व-पश्चिम पसरलेली पिरेनीज पर्वतरांग. तुलूझ शहरापासून साधारण शंभर किलोमीटर दक्षिणेला गेलात की तुम्ही या डोंगरांत शिरता. इथला जिल्हा म्हणजे आरिएज. फ्रान्समध्ये त्याला 'देपार्तमाँ' म्हणतात. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये हे विभाग पाडले गेले. मध्ययुगात मोंतायूचा हा मुलूख फ्वाच्या काउंटचा होता.

मोंतायू समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या आसपासची उंची समजा. पण तुलना तिथेच संपते, कारण इथे हिवाळ्यात बर्फ पडतं. शेजारी प्राद, कोम्युस, कामुराक अशी तशीच लहान गावं. एर नावाची नदी याच परिसरात उगम पावते आणि एका अरुंद घळीतून उत्तरेकडे उतरते. जवळचा मोठा गाव म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचा आक्स. तिथे जायचं तर शियूलाची खिंड ओलांडावी लागते, तिची उंची १४३१ मीटर.

गावाची रचना कशी होती? टेकडीच्या माथ्यावर किल्ला, त्याच्याखाली उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी घरं, आणि घरांच्या मध्ये भाजीपाल्याचे छोटे वाफे. आज किल्ल्याचे फक्त अवशेष उरलेत आणि वस्ती हळूहळू उताराने खाली सरकली आहे. गावापासून थोडं बाजूला मेरीमातेचं जुनं चर्च, नोत्र-दाम-द-कार्नेस. गावाची दफनभूमी त्याच्याच लगत.

हा भूगोल मी एवढ्या तपशिलात का सांगतोय? कारण पुढची सगळी गोष्ट या उंचीतून येते. इथे द्राक्ष होत नाही, ऑलिव्ह होत नाही. वाइन खालून खेचरांवर लादून आणायची, तेल-मीठही तसंच. शेतात गहू, ओट, सलगम. कपड्यांसाठी अंबाडीच्या जातीची धाग्याची पिकं. मोंतायूत पिठाची गिरणीसुद्धा नव्हती. दळण घेऊन आक्सपर्यंत जायचं, काउंटच्या पाणचक्कीवर. आणि दळणाला गेलं की बातम्या, अफवा, नवे विचार, सगळं पिठाबरोबर घरी यायचं.

घर आणि मेंढरं

इसवी सन १३०० च्या सुमाराला या गावात दोनशे ते अडीचशे माणसं राहत होती. त्यांच्या जगाचे दोन खांब होते. एक घर, दुसरा मेंढरं.

घराला लॅटिन कागदपत्रांत 'दोमुस' म्हटलंय, लोकांच्या तोंडी 'ऊस्ताल'. हा शब्द भिंती-छपरापुरता नाही. आपल्याकडे 'मोठं घर', 'त्या घरची सून' असं म्हणताना आपण जे म्हणतो ना, अगदी तेच. घर म्हणजे कुळ, अब्रू, देणं-घेणं, वैर, सगळं. मध्यभागी स्वयंपाकाची खोली, तिथे चूल. बाजूला निजायच्या खोल्या, कधी जनावरांची जागा. श्रीमंतांच्या घराला वर माडी. भिंतींत लाकूड जास्त, त्यामुळे शेजारचं बोलणं फळ्यांच्या फटीतून ऐकू येई. पुढे चौकशीत याच फटीतून ऐकलेली वाक्यं लोकांच्या गळ्याशी आली.

एक तपशील सांगतो. क्लेर्ग हे गावातलं सर्वांत वजनदार घर. त्या घरचा कर्ता पोंस क्लेर्ग वारला, तेव्हा त्याच्या डोक्याचे थोडे केस आणि नखं कापून घरात जपून ठेवली. का? तर कर्त्याबरोबर घराचं भाग्य निघून जाऊ नये म्हणून. चर्चच्या शिकवणीत हे कुठेच बसत नाही. आणि गंमत अशी, की मुलगा पिएर क्लेर्ग हाच गावचा पाद्री होता!

दुसरा खांब मेंढरं. उन्हाळ्यात कळप वर डोंगरातल्या कुरणांवर, हिवाळ्यात खिंडी ओलांडून खाली कातालोनियाच्या सखल भागात. म्हणजे आजच्या स्पेनमध्ये. मेंढपाळ महिनोन्महिने बाहेर असत. लाकडी-दगडी झोपडीत एकत्र राहणं, दूध काढणं, चीज करणं, आणि रात्री शेकोटीभोवती बोलणं. घरात बसलेल्या शेतकऱ्याचं जग दोन-चार कोसांचं. मेंढपाळाचं जग शेकडो किलोमीटरचं. गरीब तोच, पण जास्त मोकळा. तो दोन भाषा बोलतो, दोन राज्यांची चाल त्याला कळते.

या मेंढरांवर चर्चचा कर होता. धान्याचा दशांश तर होताच, पण कोकरांवरही बिशप हिस्सा मागे. डोंगरातल्या लोकांचा या कराला कडवा विरोध होता. आता धर्म, पाखंड असं सगळं आपण बोलणार आहोत. पण त्या वादाच्या तळाशी ही कोकरंही होती, हे विसरू नका.

भली माणसं

आता कॅथार पंथाकडे येऊ. बाराव्या-तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये एक ख्रिस्ती पंथ पसरला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे दृश्य जग, हे शरीर, चांगल्या देवाने केलेलं नाही, ते दुष्ट शक्तीचं काम आहे. आत्मा त्यात अडकलाय. तो सुटेपर्यंत देहामागून देह बदलत राहतो. हे ऐकून तुम्हाला आपल्याकडची पुनर्जन्माची कल्पना आठवेल. साम्य आहे, पण त्यावरून लगेच संबंध जोडायची घाई नको. त्यांची भाषा, त्यांचं शास्त्र बायबलचंच होतं.

या पंथात फार थोडे लोक पूर्ण दीक्षा घेत. ते मांस खात नसत, ब्रह्मचर्य पाळत, शपथ घेत नसत. लोक त्यांना 'भली माणसं' म्हणत. बाकीचे साधे अनुयायी. त्यांनी संसार करावा, शेती करावी, भल्या माणसांना जेवू घालावं, आणि मरणाच्या घडीला डोक्यावर हात ठेवून घेऊन दीक्षा घ्यावी. म्हणजे आत्मा सुटला. दीक्षेनंतर आजारी माणसाने अन्न घ्यायचं नाही, असाही प्रघात या भागात शेवटच्या काळात पडला होता. विचार करा, घरातलं माणूस भुकेलं आहे, मागतंय, आणि त्याच्या आत्म्यासाठी घरच्यांनी द्यायचं नाही. मोंतायूच्या बायकांच्या जबान्यांत हा पेच आहे. लहान लेकराला दीक्षा दिल्यावर आईने त्याला दूध पाजलं, अशीही नोंद आहे. तिथे आईचं मन शास्त्रापेक्षा मोठं ठरलं.

रोमच्या चर्चने या पंथाविरुद्ध १२०९ साली धर्मयुद्ध पुकारलं. ते १२२९ पर्यंत चाललं. त्यातून दक्षिणेचा मुलूख उत्तरेच्या फ्रेंच राजाच्या हाती जात गेला. पुढे १२४४ मध्ये मोंसेग्युरचा किल्ला पडला आणि दोनशेहून जास्त कॅथारांना जिवंत जाळलं गेलं. मोंसेग्युर मोंतायूपासून फार दूर नाही. एर नदीची घळ उतरून पलीकडे गेलं की तो डोंगर येतो.

सगळ्यांना वाटलं, पंथ संपला. पण १३०० च्या सुमाराला आक्स गावचे दोन भाऊ, पिएर आणि गियोम ओतिए, इटलीतल्या लोंबार्दीत दीक्षा घेऊन परत आले. धंद्याने दोघे नोटरी, म्हणजे दस्तऐवज करणारे. शिकलेले, ओळखीपाळखीचे. रात्री-अपरात्री घराघरांत जाऊन त्यांनी पंथ पुन्हा जागवला. आणि सर्वांत जास्त साथ मिळाली ती मोंतायूत.

एक घर, दोन दरडी

गावात काउंटचा माणूस म्हणजे 'बेल'. महसूल गोळा करणारा, तंटे सोडवणारा. हा बेल होता बेर्नार क्लेर्ग. आणि पाद्री होता त्याचा भाऊ पिएर क्लेर्ग. म्हणजे राज्याची सत्ता आणि देवाची सत्ता एकाच घरात. आणि हे घर आतून कॅथारांचं! बेर्नार गोळा केलेल्या दशांशातलं काही धान्य त्या भल्या माणसांना पोचवत असे. पिएर रविवारी चर्चमध्ये प्रार्थना म्हणे आणि इतर दिवशी पाखंड्यांना आसरा देई. गावातल्या कितीतरी बायकांशी त्याचे संबंध होते.

त्यांतलीच एक बेआत्रीस द प्लानिसोल. ही किल्लेदाराची बायको, छोट्या सरदार घराण्यातली. नवरा गेल्यावर साधारण दोन वर्षं तिचे या पाद्र्याशी संबंध होते. मग तिने दुसरं लग्न केलं, गाव सोडलं. तिचं नाव लक्षात ठेवा.

इसवी सन १३०८. कार्कासोनच्या धर्मन्यायाधीशाने, म्हणजे इन्क्विझिटर जोफ्रुआ दाब्लीने, मोंतायूवर छापा घातला. गावातल्या सगळ्या जाणत्या माणसांना एकदम धरलं. पिएर मोरी नावाचा मेंढपाळ तेव्हा वर कुरणावर होता. मोंतायू अख्खं पकडलं गेलं, ही बातमी त्याला तिथे कळली. काहींना तुरुंग झाला. काहींना सोडलं, पण कपड्यांवर पिवळे क्रूस शिवून. हे क्रूस सतत अंगावर घालायचे, म्हणजे रस्त्यात भेटणाऱ्याला कळावं की हा पाखंडी. दोन वर्षांनी, १३१० मध्ये, पिएर ओतिएला तुलूझमध्ये जाळलं.

क्लेर्ग घराने इथे पवित्रा बदलला. आता ते चौकशीवाल्यांचे खबरे झाले. कुणाचं नाव सांगायचं, कुणाचं झाकायचं, हे त्यांच्या हातात आलं. जुनी वैरं त्यातून फेडली गेली. मोर्स घरातल्या मेंगार्द नावाच्या बाईने क्लेर्गांचं जुनं पाखंड उघडं करायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी तिची जीभ कापवली. आजच्या विषयात ही गोष्ट मला मध्यवर्ती वाटते. ज्या गावाचं बोलणं जगात सर्वांत तपशिलाने नोंदलं गेलं, त्याच गावात बोलली म्हणून एका बाईची जीभ गेली.

बिशप आणि त्याचं दप्तर

आता झाक फूर्निए. हा याच मुलखातला, फ्वाच्या काउंटच्या प्रदेशातल्या साव्हेर्दूंचा, साध्या घरातला मुलगा. पुढे संन्यासी झाला, पॅरिसला धर्मशास्त्र शिकला, मठाधिपती झाला, आणि १३१७ साली पामिएचा बिशप. १३१८ ते १३२५ या काळात त्याने आपल्या हद्दीतल्या पाखंडाची चौकशी चालवली. चौकशीचे दिवस ३७०. जबान्या ५७८. प्रकरणं ९८. आरोपी आणि साक्षीदारांत शेतकरी, मेंढपाळ, कारागीर, विधवा. त्यांतले पंचवीस आरोपी मोंतायूचे.

याची पद्धत वेगळी होती. त्याचा भर यातनांपेक्षा प्रश्नांवर होता. एक प्रश्न, त्यावर पोटप्रश्न, मग पुन्हा तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने. कोण कुठे बसलं होतं? चुलीजवळ कोण होतं? काय खात होते? कोण कुणाच्या डोक्यातल्या उवा काढत होतं? हो, उवा काढणं हा मोंतायूत मोठा सामाजिक कार्यक्रम होता. उन्हात बसून बायका एकमेकींच्या, आईच्या, कधी प्रियकराच्या उवा काढत आणि गप्पा मारत. फूर्निएला उवांशी देणंघेणं नव्हतं. त्याला त्या गप्पांत पाखंड किती होतं, ते हवं होतं. पण प्रसंग पक्का करण्यासाठी तो सगळं विचारत गेला, आणि लेखनिक सगळं लिहीत गेला.

आता इथे नीट लक्ष द्या. गावकरी बोलले ऑक्सितानमध्ये. ही दक्षिण फ्रान्सची लोकभाषा. लेखनिकाने टिपणं घेतली, त्यावरून लॅटिनमध्ये पक्की प्रत केली. ती साक्षीदाराला पुन्हा त्याच्या भाषेत समजावून सांगितली, त्याने दुरुस्ती सुचवली तर केली. म्हणजे एकाच बोलण्याने दोनदा नदी ओलांडली.

फूर्निए पुढे मोठा झाला. १३२७ मध्ये कार्डिनल, आणि १३३४ मध्ये थेट पोप, बारावा बेनेडिक्ट. तेव्हा पोपचं ठाणं रोममध्ये नव्हतं, आव्हिन्योंत होतं. तिथल्या प्रचंड राजवाड्याचा जुना भाग याच पोपने बांधायला घेतला. आणि आपलं हे चौकशीचं दप्तर त्याने बरोबर नेलं. ते पुढे व्हॅटिकनच्या ग्रंथालयात गेलं, अजून तिथेच आहे. माणूस पोप झाला म्हणून कागद टिकले. नाहीतर असल्या कित्येक वह्या उंदरांनी आणि आगींनी खाल्ल्या.

आपल्याला जवळचं उदाहरण गोव्याचं. तिथलं इन्क्विझिशन पोर्तुगीज होतं, काळही वेगळा, १५६० ते १८१२. पण तिथेही अशाच जबान्या घेतल्या गेल्या होत्या. ते न्यायालय बंद झाल्यावर त्याचं बहुतेक दप्तर नष्ट करण्यात आलं. म्हणजे छळ तिथेही झाला, पण गोव्यातल्या त्या साध्या माणसांचं बोलणं मात्र आपल्यापर्यंत पोचलं नाही. कागद टिकणं आणि न टिकणं यावर इतिहास किती अवलंबून असतो, ते यावरून कळतं.

दप्तरात भेटणारी माणसं

बेआत्रीसला १३२० मध्ये धरलं. तिची झडती घेतली तेव्हा तिच्याकडे काय सापडलं? नातवांच्या नाळा, कापडात गुंडाळलेली सुरी, आरसा, थोडा धूप. आणि मुलीच्या पहिल्या पाळीचं रक्त लागलेलं कापड. न्यायाधीशाला वाटलं, जादूटोणा! तिने एकेकाचं कारण सांगितलं. नाळ जवळ असली की कोर्टातला दावा जिंकतो. ते कापड मुलीच्या होणाऱ्या नवऱ्यासाठी, त्याचं मन दुसरीकडे जाऊ नये म्हणून. नाळ पुरणं, जपणं, दृष्ट लागणं या गोष्टी आपल्या आज्यांनाही परक्या नव्हत्या. एक मध्यमवयीन बाई, मुलीच्या संसाराची काळजी करणारी, तिची पिशवी अचानक पुरावा झाली. तिला १३२१ मध्ये तुरुंग झाला, पुढच्या वर्षी पिवळे क्रूस लावून सोडलं.

दुसरा, पिएर मोरी. त्याचं घर १३०८ च्या धरपकडीत उद्ध्वस्त झालं. तो वर्षानुवर्षं डोंगरात हिंडत राहिला. मैत्रीला जागणारा, पैशाची फिकीर नसलेला. आपल्या नशिबी जे आहे ते मी जगेन, असा त्याचा एकूण सूर. त्याचा मित्र गियोम बेलिबास्त, आपल्याला माहीत असलेला या भागातला शेवटचा दीक्षित कॅथार. तो पळून आरागोनच्या राजाच्या मुलखात मोरेयाला लपला होता. हा बेलिबास्त ब्रह्मचर्याच्या बाबतीत कच्चा. त्याच्याबरोबर राहणाऱ्या रेमोंदला दिवस गेले. मग त्याने काय केलं? मोरीच्या मागे लागून त्याचं तिच्याशी लग्न लावून दिलं, आणि थोड्याच दिवसांत ते मोडलंही. मूल कुणाच्या नावावर गेलं ते तुम्हाला कळलंच. (हशा) मोरीला सगळं कळत होतं. तरी त्याने मित्राला सोडलं नाही.

बेलिबास्तला सोडलं नाही ते आणखी एकाने, पण वेगळ्या अर्थाने. आक्सचा आर्नो सिक्र. याच्या आईला पाखंडासाठी जाळलं होतं आणि तिची मालमत्ता जप्त झाली होती. ती मालमत्ता परत मिळवायची तर एखादा मोठा पाखंडी पकडून द्यायचा. तो या फरारी लोकांत भक्त म्हणून शिरला, त्यांचा विश्वास मिळवला, आणि खोटी कारणं सांगून बेलिबास्तला पिरेनीजकडे घेऊन आला. १३२१ मध्ये बेलिबास्तला व्हिलरूज-तेर्मेनेस इथे जाळलं. मोरीही पकडला गेला. १३२४ मध्ये त्याला तुरुंगाची शिक्षा झाली. त्यानंतर तो कुठल्याही कागदात दिसत नाही.

आणि पाद्री पिएर क्लेर्ग? त्याचे दिवसही फिरले. १३२० मध्ये त्याला अटक झाली, आणि तो कोठडीतच मेला. गावातल्या प्रत्येकाचं गुपित ज्याला माहीत होतं, त्याची स्वतःची जबानी मात्र दप्तरात नाही.

फूर्निएने जिवंत जाळायला पाठवलेले लोक पाच. चार वाल्दो पंथाचे, आणि एक मोंतायूचा गियोम फोर. एकाच जमान्यातल्या इतर चौकशांच्या मानाने हा आकडा लहान म्हणतात. पण तुरुंग, जप्ती आणि पिवळे क्रूस यांचा हिशेब केला, तर या गावातलं एकही घर धड राहिलं नाही.

दप्तर ते पुस्तक

झां द्युव्हेर्नुआ या अभ्यासकाने १९६५ मध्ये हे लॅटिन दप्तर तीन खंडांत छापलं. आणि १९७५ मध्ये एमानुएल ल रुआ लाद्युरी या इतिहासकाराचं 'मोंतायू' हे पुस्तक आलं. हे फ्रान्समधल्या 'आनाल' परंपरेचे. राजांच्या लढायांपेक्षा हवामान, पिकं, लोकसंख्या, माणसांची मनं यांचा इतिहास लिहिणारी ही मंडळी. लाद्युरींनी एक साधी पण मोठी गोष्ट केली. पाखंड शोधण्यासाठी लिहिलेलं दप्तर त्यांनी गाव शोधण्यासाठी वाचलं. पहिला भाग घर आणि मेंढपाळ, दुसरा भाग हावभाव, प्रेम, लग्न, बालपण, मरण, काळाची समज. पुस्तक फ्रान्समध्ये प्रचंड खपलं. १९७८ मध्ये त्याची संक्षिप्त इंग्रजी आवृत्ती आली.

टीकाही झाली, आणि ती महत्त्वाची आहे. लेनर्ड बॉईल यांनी लॅटिनचं वाचन कुठे कुठे चुकलंय ते दाखवलं. नॅटली झेमन डेव्हिस यांनी विचारलं की हे लोक गोष्ट सांगतायत, तर गोष्ट सांगण्याची त्यांची रीत तुम्ही का नाही पाहिलीत? आणि मानववंशशास्त्रज्ञ रेनातो रोसाल्दो यांनी १९८६ मध्ये सर्वांत बोचरा मुद्दा मांडला. लाद्युरी फूर्निएला जणू गावात मुक्काम करून माहिती गोळा करणारा अभ्यासक समजतात. पण तो अभ्यासक नव्हता, न्यायाधीश होता. त्याच्यासमोर बसलेला मेंढपाळ मोकळेपणाने बोलत नव्हता, जीव वाचवायला बोलत होता.

पुढे गावाचं काय झालं?

चौदाव्या शतकाच्या मध्यावर, १३४८ मध्ये, प्लेगची साथ आली आणि युरोपचा मोठा भाग मोकळा झाला. डोंगरातली वस्ती कधी वाढली, कधी घटली. आरिएजची लोकसंख्या १८४६ मध्ये शिखराला पोचली, सुमारे २ लाख ७० हजार. त्याआधी १८२९ पासून इथले शेतकरी नव्या वनकायद्याविरुद्ध उठले होते. सरकारने जंगल बंद केलं, मेंढरं चारायची कुठे? बायकांचे कपडे घालून, तोंडं काळी करून ते वनरक्षकांना हाकलत. त्यांच्या उठावाला 'तरुणींचं युद्ध' असं नाव पडलं. पाचशे वर्षांपूर्वी कोकरांवरचा कर, आता कुरणांवरची बंदी. या डोंगरात राज्यसत्ता येते ती नेहमी मेंढरांच्या वाटेने.

नंतर ओहोटी. जमीन कमी, हिवाळा लांब, खाली शहरांत कारखाने आणि नोकऱ्या. लोक उतरत गेले. पहिल्या महायुद्धात तरुण गेले. आज अख्ख्या आरिएजची वस्ती दीड लाखाच्या आसपास आहे. आणि १८८१-८२ च्या शिक्षणाच्या कायद्यांनंतर शाळेत फ्रेंच आली, मुलांच्या तोंडून ऑक्सितान मागे हटली. ज्या भाषेत बेआत्रीस आणि मोरी बोलले, ती आज त्यांच्याच गावात क्वचित ऐकू येते. तरी मोंतायू अजून स्वतंत्र कम्यून आहे. फ्रान्समध्ये अशी सुमारे पस्तीस हजार कम्यून आहेत आणि कितीही लहान असलं तरी प्रत्येकाला आपला महापौर असतो.

मग हे बोलणं ऐकायचं कसं?

सुरुवातीला ठेवलेल्या प्रश्नाकडे येऊ. मला वाटतं दोन टोकं टाळली पाहिजेत. एक टोक म्हणजे हे कागद म्हणजे गावाचा आरसाच, असं समजणं. तसं नाही. लोकांनी लपवलं, दुसऱ्यावर ढकललं, न्यायाधीशाला आवडेल ते सांगितलं. शिवाय लॅटिनने त्यांच्या वाक्यांना स्वतःचं वळण दिलं. दुसरं टोक म्हणजे सगळं दडपणाखालचं, म्हणून सगळं खोटं, असं म्हणून वही मिटणं. तसं केलं तर त्या माणसांना आपण दुसऱ्यांदा गप्प करतो.

मधली वाट आहे. प्रश्न ज्यावर होता ते उत्तर जपून घ्यायचं. तू पाखंड्याला नमस्कार केलास का, याचं उत्तर भीतीने वाकलेलं असणार. पण त्या उत्तरात वाटेत जे येऊन गेलं, ते पाहा. चूल कुठे होती, सलगम कोण सोलत होतं, पाऊस होता की ऊन, आईने रडणाऱ्या लेकराला दूध पाजलं. यात खोटं बोलून कुणाचा फायदा नव्हता. फूर्निएने जिथे जाळं टाकलं नव्हतं, तिथे गाव सर्वांत जास्त दिसतं.

आणि किंमत विसरायची नाही. मोंतायू आपल्याला इतकं स्पष्ट दिसतं, कारण ते इतक्या निर्दयपणे तपासलं गेलं. शेजारच्या ज्या गावांवर छापा पडला नाही, तिथली माणसं सुखाने जगली आणि नाव न ठेवता गेली. इतिहासात त्यांची ओळ नाही. तेव्हा कुठल्याही जुन्या दप्तराची पानं उलटताना, मग ते महसुलाचं असो, पोलिसांचं असो की कोर्टाचं, आधी विचारा: हे कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, आणि समोर बसलेल्या माणसाला ते लिहिलं जाताना काय वाटत असेल. एवढं विचारून मग वाचायला घ्या. वाचायचं मात्र सोडू नका.